टकळीसाठी नवी लाइन

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय टकळे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत; म्हणजे मी ठीक आहे आणि हे नेहमीसारखेच आहेत. तुझी खुशाली तुझी लेक कळवत असते.

आमच्याकडे कालपासून वायफाय आलंय. आलंय म्हणजे छळून आलंय. शनिवारी येतो म्हणालेला माणूस बुधवारी दुपारी उगवला, तोही माझा नुकता डोळा लागला असताना. दार उघडलं तर मलाच विचारतो, "आजी, घरात कोणी मोठं आहे का?" मी म्हटलं, "माझ्याहून मोठा या इमारतीत फक्त जिना आहे." आत पेपरामागे हे हसले. मला ऐकू आलं.

मग त्याने ड्रिल काढलं. भिंतीला भोक पाडून वायर आत घेणार म्हणे. मी हरकत घेतली. बिनतारी म्हणून जी वस्तू विकता तिच्या तारेसाठी माझी नुकती रंगवलेली भिंत का फोडायची? तर म्हणे, डब्यापर्यंत वायर, डब्यापुढे हवा. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून काढलेल्या बाईला हा लाइन समजावत होता! मी त्याला सांगितलं, तू रांगत होतास तेव्हा मी अर्ध्या जगाला उरलेल्या अर्ध्या जगाशी जोडून देत होते. त्याच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. भोक दाराच्या वर पाडायचं ठरलं होतं, ते त्याने नेमकं कॅलेंडरच्या खिळ्याला खेटून पाडलं. आता आमच्या घरात सगळ्या तारखा तिरक्या आहेत.

पासवर्ड मात्र मी दिला. शाळेत स्पेलिंगच्या तासाला ज्या शब्दावर अर्धा वर्ग बाकावर उभा राहायचा, तो. हे तीनदा चुकले. नन्सच्या छडीखाली शिकले असते तर चुकले नसते.

चाचणी म्हणून व्हिडिओ कॉल करून बघा, असं तो माणूस म्हणाला. ह्यांना त्यांचा फोन देऊन खाली फाटकापाशी पाठवलं. पडद्यावर आधी नाकपुड्या आल्या, मग हळूहळू माणूस आला. तोंड हलतंय, आवाज नाही. त्यांच्या बाजूने आवाज बंद झालाय, मी खाली जाऊन बघतो, असं म्हणून तो निघाला. मी त्याला थांबवलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हे बोलत होते आणि मला ऐकू येत नव्हतं. एवढं सुख इतक्या सहज सोडायचं?

आणि गंमत बघ. मी काही ठरवलं नव्हतं, पण माझा हात आपोआप वर गेला आणि मी कानाची पाळी ओढली.

आठवतं ना, बोर्डिंगात अभ्यासाच्या हॉलमध्ये तू पलीकडच्या रांगेत बसायचीस आणि तोंडातून ब्र काढायची बंदी होती. कान ओढला की करवत येतेय. करवत म्हणजे आपल्या हेडमिस्ट्रेस नन; त्यांचं खरं नाव मला कधीच आठवत नाही. नाक दाबलं की जेवायला कालचंच आहे. गालावर दोन बोटं म्हणजे दात दुखल्याचं सोंग करून निजायला जाऊ या. ह्यांना त्यातलं काय ठाऊक? धापा टाकत वर आले, तडक कपाटाकडे गेले आणि कानाचे थेंब घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "कधीपासून दुखतोय? बोलायचं नाहीस का?" त्या परक्या माणसासमोर मी मुकाट्याने दोन थेंब घालून घेतले. इतक्या काळजीने आणले होते, नाही कसं म्हणणार?

आता मुद्द्याचं. हे वायफाय मी सिनेमे बघायला घेतलेलं नाही.

तुझ्या ऑपरेशननंतर मी फोन केला होता. लेकीने तो तुझ्या कानाशी धरला होता. मी हवापाण्याचं बोलत राहिले आणि पलीकडून नुसता श्वास येत होता. लाइनवरची खरखर ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगणारी मी, त्या शांततेचं काय करायचं ते मला कळेना. पुढे तुझाच निरोप आला की फोन नको, पत्र पाठव. मी पाठवत राहिले. तुझं स्वरयंत्र काढलं हे मी एकाही पत्रात लिहिलं नाही; आज लिहिलं. वर 'टकळे' लिहितानाही दर वेळी पेन थांबतं. पण दुसरं काय म्हणू तुला?

लेक सांगते, तू घरातसुद्धा गळ्याला स्कार्फ गुंडाळतेस आणि बेल वाजली की आतल्या खोलीत जातेस. पाटीवर लिहून बोल म्हटलं तर चिडतेस. लिहीपर्यंत विनोद शिळा होतो, असं तिला लिहून दिलंस म्हणे. खरं आहे. तुझं सगळं बोलणं वेळेवर पडणारं.

म्हणून, या रविवारी नाही, पुढच्या रविवारी (पत्र पोचायला वेळ देतेय), दुपारची जेवणं उरकली की मी व्हिडिओ कॉल लावणार आहे. फोन कशाला तरी टेकवून ठेव आणि मग खोलीबाहेर जा, असं तुझ्या लेकीला बजावलंय. स्कार्फ ठेव, काढ, हवा तर डोक्याला बांध. मला तुझे हात दिसले म्हणजे झालं. मीही तोंड मिटून बसणार आहे. हे म्हणतात, ते बघायला आपण तिकीट लावू. विसरलेल्या खुणा सोडून देऊ, नव्या करू; नाहीतरी गुडघे, मोतीबिंदू आणि जावई यांना तेव्हा खुणा नव्हत्याच.

तू उचलला नाहीस तर मी पुन्हा लावीन. 'लाइन लागत नाही' हे वाक्य मी नोकरीभर लोकांना ऐकवलं. स्वतः कधी ऐकून घेतलेलं नाही.

तुझ्या बोटांकडे डोळे लावून बसलेली,
ताई