एकदाच उघडणारी स्प्रिंग

सोमवार, ता. ४

ती. स्व. मामांना,

सा. न. वि. वि. घडलं ते आधी लिहिते, मतं नंतर.

१. मंगळवारी आमच्या मोजमाप खोलीत नव्या प्रकारच्या दोनशे स्प्रिंगा आल्या.
२. ड्रॉइंगवर भागाचं नाव नाही. फक्त क्रमांक आहे.
३. आमच्या नेहमीच्या स्प्रिंगा दारांच्या कुलपांत बसतात. त्या आम्ही दोन लाख वेळा दाबून बघतो.
४. या नव्या स्प्रिंगसाठी अट अशी : पंधरा वर्षं दाबलेल्या अवस्थेत पडून राहायचं, आणि नंतर एकदा उघडायचं. एकदाच.
५. ही कशात बसते, असं मी सुपरवायझरना विचारलं. ते म्हणाले, स्प्रिंग म्हणजे स्प्रिंग, कुलूप करताना तू कधी घराचा पत्ता विचारला होतास का?
६. बुधवारी मालकांनी बोलावून सांगितलं की या कामासाठी वेगळा विभाग उघडतोय आणि त्याची तपासणी माझ्याकडे द्यायची आहे.
७. संमतीपत्रावर दोन चौकटी आहेत. शुक्रवार, ता. २२ला ते परत द्यायचं आहे. नाही म्हटलं तर मी कुलपांकडेच राहीन, आणि कुलपांचं काम अजून तीन महिने पुरेल इतकंच आहे.

घडलं ते एवढंच. आता विचारायचं ते. तुमच्या घरी राहून मी चार वर्षं कॉलेज केलं. रोज सकाळी तुम्ही पेपर मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक बातमीला एक मत जोडायचा. निवृत्तीनंतर ती मतं तुम्ही वाचकांच्या पत्रांत धाडता हे मामींकडून कळतं. युद्ध सुरू झाल्यापासून तुमची सहा पत्रं छापून आली. मी सहाही वाचली. मला खरोखर जाणून घ्यायचं आहे : अशी कोणती वस्तू असते, जी पंधरा वर्षं थांबते आणि एकदाच चालते?

मामींना नमस्कार. लोभ कमी झाला असेल तर तसं कळवावं, नसेल तर आहे तिथे राहू द्यावा.

तुमची भाची

———

गुरुवार, ता. ७

चि. मायक्रोमीटर हिस,

अ. आ. तुझं पत्र म्हणजे पंचनामा. सात कलमं, आणि मामाची तब्येत कशी आहे याला आठवंसुद्धा नाही! बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो सरकारवर कुरकुरणाऱ्या माझ्या मित्रांपेक्षा कमी.

आधी तुझी बढती. मी मामीला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं की आमची पोर जेवते का वेळेवर, आणि दुसऱ्यांदा विचारलं की ती स्प्रिंग कशाची. तिला मी जे सांगितलं तेच तुला सांगतो. ती लाइफ जॅकेटची आहे. जहाजावर वर्षानुवर्षं खुंटीला टांगून असतं, आणि एक दिवस माणूस पाण्यात पडला की फट्‌कन फुगतं. पंधरा वर्षं पडून, एकदाच काम. बसतं की नाही तंतोतंत? अडतीस वर्षं मुद्रितशोधक होतो, चूक शोधायची नजर अजून गेलेली नाही.

युद्धाचं म्हणशील तर माझं मत बदललेलं नाही. आपण सुरू केलं नाही, पण अर्धवट सोडलं तर पाच वर्षांनी पुन्हा लढावं लागेल. शेजाऱ्याने कुंपण सरकवलं की त्याला चहा पाजून ते मागे जात नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणतो, की दर वाढतायत, माल मिळत नाही, थांबवा आता. मी त्याला म्हटलं, तुझं दुकान उघडं आहे ते कोणामुळे? मग तो म्हणाला, गिऱ्हाइकांमुळे. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. मात्र एक गोष्ट त्यालाही मान्य आहे, की बंद पडलेले कारखाने पुन्हा सुरू झाले, हातांना काम मिळालं. अर्थव्यवस्था ही माझ्या गुडघ्यासारखी असते, वापरली तरच चालते.

मामीचं मत वेगळं आहे आणि ते ती स्वयंपाकघरातून ओरडून सांगते. ती म्हणते, बातम्यांतला माणूस सारखा ‘आपण लढतोय’ म्हणतो, त्या ‘आपण’मध्ये तिला कोणी विचारून घेतलं? मी म्हटलं, तुला विचारलं असतं तर युद्ध शेजारणीशी झालं असतं. त्यावर मला दोन दिवस अळणी जेवण मिळालं.

तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच, ते मोजत बसू नकोस.

तुझा मामा

———

रविवार, ता. १०

ती. स्व. मामांना,

सा. न. वि. वि. तब्येतीचं कलम राहिलं ही चूक मान्य. गुडघ्याला शेक देता का? मामींना सांगा, जेवते, आणि ‘आपण’बद्दलचा त्यांचा प्रश्न मला सध्याच्या सगळ्या अग्रलेखांपेक्षा नेमका वाटला.

लाइफ जॅकेटचा विचार मीही केला होता. तो मला आवडलाही होता, म्हणून दोनदा तपासला. ड्रॉइंगच्या दुसऱ्या पानावर झटक्याची अट आहे. स्प्रिंग उघडण्याआधी तिला एक धक्का बसतो, आणि तो तिने न वाकता सोसायचा. तो आकडा इतका मोठा आहे की माणसाला तेवढा धक्का कधी बसणार नाही, आणि बसला तर त्याला जॅकेटची गरज उरणार नाही. तेवढा धक्का तोफेच्या नळीतून सुटताना गोळ्याला बसतो. याहून जास्त मला माहीत नाही, आणि याहून जास्त माहीत असण्याची गरजही नाही.

कारखान्यातली मतं मी गोळा करते आहे. कुतूहल म्हणून. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, की युद्ध चालू राहावं का. आतापर्यंत एकोणीस जणांना विचारलं. चालू राहावं असं म्हणणारे दोन, त्यातला एक हसत होता. मग विचारते, की ही ऑर्डर चालू राहावी का. एकोणीसच्या एकोणीस हो. पॅकिंगमधल्या ताईंना गेल्या वर्षी घरी बसवलं होतं, आता परत घेतलं. त्या म्हणाल्या, युद्ध आजच्या आज थांबलं पाहिजे आणि ऑर्डर त्यांच्या मुलीचं शिक्षण होईपर्यंत टिकली पाहिजे. यात विसंगती आहे, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तुला मूल झालं की बोलू. सुपरवायझरांचं म्हणणं, की आपण नाही केल्या तर या स्प्रिंगा दुसरा कोणी करील, आणि तो वाईट करील. हे खरं आहे. पण खरं असून त्याने प्रश्न सुटतो का, ते मला ठरवता आलेलं नाही.

आणखी एक, जे इथे कोणाला सांगितलेलं नाही. त्या दोनशे स्प्रिंगा मी स्वतः मोजल्या. एकही बाद झाली नाही. इतकं चांगलं काम आमच्याकडून कधीच झालं नव्हतं. मला आनंद झाला. घरी आल्यावर तो आनंद कुठे ठेवायचा ते कळेना.

म्हणून सरळ विचारते. मी हा विभाग घ्यावा का? तुम्ही सहा पत्रांतून देशाला सल्ला दिला आहे. मला एका ओळीत द्या.

लोभ असू द्यावा. मतभेदाने तो झिजत नाही असं मी धरून चालले आहे.

तुमची भाची

———

बुधवार, ता. १३

चि. मायक्रोमीटर हिस,

अ. आ. तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

हे बघ, तू तो विभाग घेऊ नकोस. डोळ्यांवर ताण येईल. शिवाय एकदा असल्या कामाची सवय झाली की माणूस दुसऱ्या कुठे बसत नाही. तीन महिन्यांत दुसरी नोकरी मिळेल, तुझ्यासारख्या पोरीला ना कोण म्हणणार? तोवर इकडे ये. तुझी खोली आहे तशी आहे, फक्त मामीने तिथे पापुद्रे निघालेली कपाटं ठेवली आहेत, ती मी हलवीन. गुडघ्यासकट.

मन घेत नाही माझं, एवढंच समज. तू काही केलंस आणि ते कुठेतरी जाऊन पडलं, हे मला नको आहे. मामीलाही नको आहे, पण तिने मला चिडवलं नाही या वेळी. तेच जास्त लागलं.

कळव काय ते. वाट बघतो.

तुझा मामा

———

शनिवार, ता. १६

ती. स्व. मामांना,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. ‘तुझी खोली आहे तशी आहे’ हे वाक्य मी बराच वेळ बघत बसले होते. त्याबद्दल आधी आभार, कारण पुढचं लिहिताना ते राहून जातील.

कागद फुकट घालवायचा नाही म्हणून तुम्ही पाठकोऱ्या कागदांवर लिहिता. तुमचं हे पत्रही तसंच आहे. मागच्या बाजूला तुमचा संपादकांना लिहिलेला मसुदा आहे. त्यावर एक तिरकी रेघ आहे, म्हणजे स्वच्छ प्रत करून टपालात गेली, तुमची पद्धत मला माहीत आहे. ‘रविवार २४च्या अंकासाठी’ असं वर लिहिलं आहे. मी वाचायला नको होतं, पण रेघेखालचं सगळं वाचता येतं.

त्यात म्हटलं आहे, की जे तरुण कारखान्यांत बसून युद्धसाहित्याच्या कामाला नाक मुरडतात, ते सैनिकाच्या पाठीत सुरा खुपसतात. ‘नाक मुरडतात’च्या जागी आधी ‘कचरतात’ होतं, ते तुम्ही खोडलं आहे. मसुद्यावर तारीख १३. मला लिहिलेल्या पत्रावरही १३. शाई एकच.

मी रागावलेले नाही. तुम्ही ढोंगी आहात असंही मला वाटत नाही, तुमची चार वर्षांची मतं मी सकाळच्या चहाबरोबर ऐकली आहेत. तुम्ही दोन्ही बाजू मनापासून लिहिल्या असणार. म्हणूनच मला कुतूहल आहे. एका वस्तूची एकाच दिवशी एकाच माणसाने दोन मापं घेतली आणि ती इतकी वेगळी आली, तर आम्ही सरासरी काढत नाही. मोजताना काय बदललं ते शोधतो. इथे एकच गोष्ट बदललेली दिसते : एका बाजूला कोणाच्या तरी भाच्या आहेत, दुसऱ्या बाजूला तुमची. पॅकिंगमधल्या ताईंचीही मुलगी आहे. ती पुढच्या वर्षी नोकरीला लागेल, बहुधा इथेच. तुमचं पत्र तीही वाचेल.

तुमच्या पहिल्या पत्रातलं कुंपणाचं म्हणणं चूक आहे, असं मी म्हणत नाही. ते बरोबर असूही शकेल. बरोबर असेल तर कोणाला तरी या स्प्रिंगा मोजाव्याच लागतील, आणि त्या कोणीतरी नीट मोजाव्यात.

माझं ठरलं आहे. संमतीपत्रावर आज खूण केली आणि पाकीट चिकटवलं, शुक्रवारी सकाळी देईन. कोणती चौकट, ते इथे लिहीत नाही. एकच भाग दोघांनी तपासायचा असेल तर दुसऱ्याला पहिल्याचा आकडा सांगायचा नसतो, त्याचा हात नकळत तिकडे वळतो. तुमच्या उत्तराने माझी खूण बदलणार नाही, त्यामुळे माझी काळजी म्हणून काही लिहू नका.

मला हवं ते एवढंच. रविवारी जे छापून येणार आहे तेच, शब्द न बदलता, वर माझं नाव घालून मला हाताने लिहून पाठवता येईल का? येत असेल तर पाठवा. मी ते जपून ठेवीन आणि त्याचा मान राखीन. येत नसेल तर संपादकांना कळवून ते परत घ्या, आणि घेतलं म्हणून मला कळवा. दोन्हींतलं काहीही मला चालेल. डोळ्यांवरचा ताण चालणार नाही.

मामींना नमस्कार. लोभाबद्दल या वेळी काही मागत नाही, तो आहे असं तुमच्या पत्राच्या एका बाजूवर लिहिलेलंच आहे.

टपालाला दोन दिवस लागतात. उत्तर गुरुवार, ता. २१पर्यंत माझ्या हातात पडेल असं धाडावं.

तुमची भाची