पायवाटेजवळचं वांझ झुडूप

थेल्मा,

सकाळी सात वाजता कुऱ्हाड घेऊन दलदलीकडे निघालो आहे. आपल्या विंटरबेरीच्या सहाही झुडपांना यंदा एकही लाल फळ नाही, त्याचा दोष तू जूनच्या पावसाला देतेस. दोष माझा आहे. पायवाटेजवळचं झुडूप कधीच फळत नव्हतं, म्हणून एप्रिलमध्ये मी ते उपटलं. ते नर-झुडूप होतं; त्याच्या परागांशिवाय बाकी सहा माद्यांना फळ धरत नाही. "सहा बायकांत एक नवरा, तोही आळशी," असं तू म्हणायचीस; मला वाटलं, टोमणा मलाच आहे. नाताळला तुझ्या आईच्या थडग्यावर याच फांद्या जातात, तरी मी गप्प राहिलो. दलदलीतली रानटी विंटरबेरी काल फळांनी लाल दिसत होती. आत्ता इथून दिसतंय, तिथे ती फळं फस्त करणाऱ्या रॉबिन पक्ष्यांचा थवा उतरला आहे.

ऑरिन