लाल दोऱ्याचं रीळ

अब्बा, ते गाणं आज पुन्हा ऐकलं. नातीने मोबाइलवर एकामागून एक अकरा जणांच्या आवाजात लावलं आणि शेवटी वैतागून म्हणाली, "नाना, इट्स द सेम साँग!" तिला काय सांगू, मी गाणं ऐकतच नाही. एक संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या रिकाम्या जागेत मी तुम्हाला शोधतो, आणि तिथे काहीच नसतं.

कुवेतच्या बाजारातलं ते रेडिओ-ग्रामोफोनचं दुकान. तुम्ही तिथे विक्रेते, मी विशीतला, एका ऑफिसात टायपिस्ट. दुपारी बाजार बंद होतो, बाहेर ऊन पांढरं पडतं, आणि तुम्ही दार अर्धं लोटून रेकॉर्डी पुसत बसता. वेस्ट इंडीजच्या बेटांवरचं ते कॅलिप्सो गाणं एका खलाशाने तुम्हाला दिलेलं. त्यात तिथला गायक घरमालकिणीची टिंगल करतो. पुढे अमेरिकेतल्या एकाने टिंगलीचं कडवंच गाळलं, एका बाईने ते विरहाचं केलं, आणि बँडवाल्यांनी तर शब्दच काढून टाकले. जहाजागणिक नवी रेकॉर्ड यायची. त्या सगळ्या तुम्ही ओळीने टेपरेकॉर्डरच्या एका रिळावर उतरवल्यात आणि प्रत्येकीआधी आपल्या रत्नागिरीच्या हेलात दोन वाक्यं बोललात. "आता ऐका, हा तिसरा. ह्याला घरमालकीण भेटलीच नाय वाटतं, म्हणून एवढा गोड गातोय." मी हसलो, तर म्हणालात, "हसतोस काय? तुझ्या शाळेतल्या कवितांचं तेच. म्हणणारा बदलला की कविता बदलते."

भरलेल्या रिळाला लाल दोरा, कोरं रीळ मोकळं. दुकानातली ही रीत तुमचीच. शुक्रवारी आपल्या कोकणी मंडळींच्या बैठकीत मला कविता म्हणायची होती, आणि त्याआधी स्वतःचा आवाज ऐकून बघायचा होता. कोरं रीळ एकही नव्हतं. तुम्ही दुपारच्या नमाजाला गेलात आणि मी यंत्र सुरू केलं. एकच कविता, पुन्हा पुन्हा, कुठे श्वास घ्यावा ते जमेपर्यंत. रीळ संपलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गिऱ्हाइकासमोर हौसेने ते गाण्याचं रीळ लावलंत, आणि माझा आवाज आला.

"दोरा नव्हता, अब्बा," मी म्हणालो.

तुम्ही खण चाचपलात, जमिनीवर वाकून पाहिलंत. "मग मीच बांधायला विसरलो असेन. म्हातारा झालो रे." तेव्हापासून तुम्ही प्रत्येक दोऱ्याला दोन-दोन गाठी मारायचात, आणि तरी विचारायचात, "बघ रे, बांधलाय ना?" मी मान हलवायचो. पुढच्याच वर्षी तुम्ही तिथल्या वाळूत कायमचे राहिलात.

तुमचं घड्याळ आहे, एक फोटो आहे. आवाज कुठेच नाही. ती वाक्यं मला तोंडपाठ आहेत, पण म्हणायला जातो तर माझाच आवाज येतो. तुमच्यावर मी अजून स्वतःलाच भरतोय. तुमचा हेल आता आठवतही नाही, अब्बा. काय करू?

हा कागद पाठवणार तरी कुठे? घडी घालून घड्याळाखाली ठेवतो. तुम्ही विसरला नव्हतात. दोरा होता. एकच गाठ होती, मीच सोडली.