घंटांचं कुंपण

६ जुलै
आजपासून या घराच्या आध्यात्मिक संरक्षणाची जबाबदारी मी माझ्याकडे घेतली आहे. ग्वेंडाला जेवताना तसं सांगितलं. ती म्हणाली, कुणापासून संरक्षण? म्हटलं, तुझ्या या भोळेपणामुळेच मला लक्ष घालावं लागतंय.
बायको पुष्कळ वर्षं निसर्गपूजक आहे. म्हणजे काय, तर खिडकीच्या फळीवर एक मेणबत्ती, एक शिंपला आणि बोटभर पितळी घंटा. संध्याकाळी घंटा तीनदा वाजवायची, डोळे मिटायचे, की झालं. एवढ्यावर देवी प्रसन्न होत असेल तर कठीण आहे. उपमुख्याध्यापक म्हणून आख्खी शाळा सांभाळली मी. निवृत्तीनंतर या विषयाचं इंग्लंडहून मागवलेलं एक पुस्तक वाचून काढलं. ग्वेंडाला इतक्या वर्षांत जे कळलं नाही ते मला दोन आठवड्यांत कळलं. तिला सांगितलं तेही.

१० जुलै
विंड चाइम, म्हणजे वाऱ्यावर वाजणाऱ्या लोंबत्या घंटा, लावल्या. पुस्तकाबरहुकूम. पूर्वेला वाऱ्यासाठी काचेच्या, दक्षिणेला अग्नीसाठी तांब्याच्या, पश्चिमेला पाण्यासाठी शिंपल्यांच्या, उत्तरेला पृथ्वीसाठी बांबूच्या. पुढच्या दाराला घुंगरांचा सर. वाईट मनाचं माणूस उंबरा ओलांडू लागलं की सर कर्कश वाजतो.
शेजारचा क्लॅरी कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. सफरचंदाची बाग आहे त्याची. विचारतो कसा, काय रे लिंडन, काकाकुवे हाकलायला लावलंस का हे? माझ्या झाडांवरचेही जातील का? ग्वेंडा हसली. त्याच्या विनोदावर. नोंद घेतली आहे.

१९ जुलै
दक्षिणेची तांब्याची चाइम गारठून कडक झाली आहे. रात्रभर बर्फावरचा वारा. ग्वेंडा म्हणते, लिंडन, आपण टास्मानियात राहतो. इथे सूर्य उत्तरेला असतो. दक्षिणेला नुसता बर्फ. तिथे कसला अग्नी बसवतोयस तू?
हा युक्तिवाद वरवरचा आहे. का, ते तिला जेवताना समजावलं. ती भांडी घासायला उठली, तेव्हा सिंकपाशी उभं राहून उरलेलं समजावलं. ऐकून घेण्याचा तिचा गुण मला पहिल्यापासून आवडतो.

२ ऑगस्ट, संध्याकाळी
हिवाळा सरतीचा सण. ग्वेंडाचं निसर्गपूजकांचं मंडळ आमच्याकडे. मंडळाच्या अध्यक्षीणबाई मोरवेना, जन्मदाखल्यावर शेरिल. मला घंटा घेऊन फेरी घालायची होती. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, फेरी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. मी तशी सुरू केली. बाकीचे सगळे उलटे निघाले. म्हणे आपल्याकडे सूर्य उलटा फिरतो, आपणही त्याच्यामागून फिरायचं. मी मागे हटलो नाही. शिस्तीचा प्रश्न होता. तिसऱ्या फेरीला मोरवेना आणि मी समोरासमोर आदळलो. तिच्या हातात मेणबत्ती. तिचीच शाल जळली, थोडीच, काठाला.
मी म्हटलं, बघा, अग्नी जागा झाला. ती म्हणाली, लिंडन, पुढच्या वेळी तू स्वयंपाकघरात बस आणि सूप ढवळ.
ग्वेंडा मोरवेनाची शाल भिजवत बसली. माझा कोट फाटला होता. त्याची चौकशी नाही.

३ ऑगस्ट
मोरवेनाशी या जन्मात बोलायचं नाही, असा निश्चय केला. तिला फोन करून तसं कळवलं. बराच वेळ लागला. शेवटी तिकडून आवाज येईना. लाइन खराब असावी.

११ ऑगस्ट
दाराच्या सराचा अभ्यास पूर्ण. मोरवेना शाल न्यायला आली तेव्हा वाजला. क्लॅरी अंडी द्यायला आला, वाजला. पोस्टाच्या बाई पार्सल आत ठेवायला आल्या, वाजला. ग्वेंडा रोज येते, रोज वाजतो. निष्कर्ष गंभीर आहे. माझ्यासाठी मात्र एकदाही वाजलेला नाही. मी मागच्या दाराने येतो-जातो, पण मुद्दा तो नाही.
शत्रू इतके म्हटल्यावर चार चाइम पुरणार नाहीत. आणखी मागवल्या. लोखंडाच्या, चमच्यांच्या, एक नुसत्या चाव्यांची.

२० ऑगस्ट
पश्चिमेचा वारा सुरू झालाय. घर नुसतं दणाणतंय. झकास. ग्वेंडाशी बोलायचं तर मला ओरडावं लागतं, आणि ती कानाला हात लावून काय, काय करते. अलीकडे बरीच प्रसन्न दिसते. चाइमचाच गुण.
वारा पडला की मी राहिलेलं बोलून घेतो.
चार दिवस ती अंगणातल्या कॅरव्हानमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, झोपते आहे. तिथे गादी चांगली आहे म्हणे. तिला असुरक्षित वाटू नये म्हणून कॅरव्हानलाही एक चाइम लावली. लावता लावता संध्याकाळपर्यंत तिथेच बसून मोरवेनाचे दोष सांगितले. तिच्या डोळ्यांत कृतज्ञता होती.

२८ ऑगस्ट
ग्वेंडा गेली. फार लांब नाही. कुंपणापलीकडे, क्लॅरीच्या बागेत तोडणीच्या मजुरांची खोली आहे, या दिवसांत रिकामी असते, तिथे. कुत्रा, किटली आणि ती पितळी घंटा नेली. म्हणाली, मला जरा शांतता हवी आहे लिंडन, माझ्यामागे येऊ नकोस.
पुस्तकात असं आहे, की घंटांच्या कुंपणात वाईट मनाचं माणूस टिकत नाही, आपोआप बाहेर पडतं. पण ग्वेंडाच्या मनात वाईट नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. म्हणजे क्लॅरीने काहीतरी केलंय. अंड्यांतून.
सवयीने दोन ताटं घेतली. एक परत ठेवलं. अजिबात आवडलं नाही मला ते.

६ सप्टेंबर
योजना. लांब नळ्यांची मोठी चाइम, तोंड थेट तिच्या खोलीकडे. पश्चिम दिशा, म्हणजे पाणी, म्हणजे माया. वसंताच्या सणाच्या आत ग्वेंडा घरी. लिहून ठेवतो. माझे अंदाज चुकत नाहीत, हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर मी आलो की तिथे कुणी वाद घालायला थांबत नसे.

१४ सप्टेंबर
क्लॅरी आला. आवाजाची तक्रार करणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तर म्हणतो, आवाजाचं मला काही नाही, ट्रॅक्टरने माझे कान कधीच खाल्ले. पण बाबा, तिला हवंय काय, ते तू तिलाच का नाही विचारत? आणि विचारलंस तर जरा गप्प बसून ऐक.
मी त्याला नवरा-बायकोच्या नात्याबद्दल माझं मत सविस्तर सांगू लागलो. मध्येच निघाला. ट्रॅक्टर चालू ठेवून आलोय म्हणे. मला तर कुठे ऐकू आला नाही. खोटारडा.

२२ सप्टेंबर
वसंताचा सण. मंडळ क्लॅरीच्या बागेत जमलं. मला निरोप नाही. विसरले असतील, असं मी मोठ्या मनाने धरून चाललो.
खिडकीतून सगळं दिसत होतं. उलट्या फेऱ्या, फुटू लागलेल्या कळ्या, मोरवेना, नवी शाल. मध्यभागी ग्वेंडा. तिने ती बोटभर घंटा तीनदा वाजवली. माझ्या इतक्या चाइमांच्या गदारोळात ती मला ऐकू येणं शक्य नव्हतं. नुसता हात हललेला दिसला. मग कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि ती पोट धरून हसली.
मला तिथे जायचं होतं. तिच्या शेजारी उभं राहायचं होतं. उलट्या दिशेने फिरायला लागलं असतं तरी चाललं असतं. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

२३ सप्टेंबर
निर्णय घेतला. सगळ्या चाइम उतरवल्या. एकूण एक. दाराचा सर, कॅरव्हानची, चाव्यांची, सगळ्या. खोक्यांत भरल्या. तिला शांतता हवी होती ना, घे शांतता. त्यागाला तोड नाही माझ्या. प्रत्येक चाइम काढताना मी का काढतो आहे ते मोठ्याने म्हटलं. विधी म्हणून.

२५ सप्टेंबर
घर फारच चिडीचूप झालंय. खायला उठतं. कुत्राही नाही. त्यामुळे मी स्वतःशी थोडं बोलतो. न्याहारी करताना मोरवेनाबद्दल, दुपारी क्लॅरीबद्दल, संध्याकाळी एकंदरीत.
काल ग्वेंडाच्या खोलीची खिडकी उघडी होती. आज बंद. गारठा वाढलाय.

२७ सप्टेंबर, दुपार
आली. ग्वेंडा आली. कुंपणाचं फाटक उघडून थेट पायऱ्यांपर्यंत. म्हटलं नव्हतं मी? फक्त सणानंतर चार-पाच दिवस, एवढा फरक चालतोच. मी चहाचं आधण ठेवलं, तिचा कप काढला, तो पुसला.
ती बसली नाही. म्हणाली, लिंडन, चाइम का काढल्यास?
म्हटलं, तुझ्यासाठी. त्या आवाजाने तू गेलीस ना.
तिने अगदी मायेने, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. आवाजाने नाही गेले रे मी. चाइम चांगल्याच होत्या. त्या वाजत असल्या की तुझं बोलणं ऐकू यायचं नाही. त्यांच्याच जिवावर इतके दिवस काढले मी या घरात. आता तू त्या काढल्यास, आणि तिकडे माझ्या खोलीतसुद्धा तुझा शब्द न् शब्द ऐकू येतो. खिडकी लावली तरी येतो. कृपा कर आणि परत लाव.
मी विचारलं, घरी येशील?
ती म्हणाली, मी शिडी धरते.

२७ सप्टेंबर, संध्याकाळ
लावल्या. कुठली कुठल्या दिशेला, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, कुठेही लाव, वारा लागला म्हणजे झालं.
शिडी तिने शेवटपर्यंत धरली. दोन्ही हातांनी. मी वर चढून, उत्तरेच्या अग्नीबद्दल तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे नीट मुद्देसूद सांगायला सुरुवात केली. तेव्हा वारा पडलेला होता. तिने शिडीवरचा एक हात काढला आणि जवळची चाइम जोरात हलवली.