दिसत नाही, एवढंच

३ तारीख
ठरलं. कॉम्प्युटर सुटे भाग आणून स्वतः जुळवायचा. चौदाला सकाळी अकराला ऑनलाइन मुलाखत. तीन वर्षं जी डिझाइनची नोकरी हवी होती, तीच. मुलाखत वहिनीच्या त्या ऑल-इन-वन डब्यावर देणार नाही. स्क्रीन, स्पीकर, कॅमेरा, माइक, सगळं एकाच प्लास्टिकमध्ये कोंबलेलं. एक बिघडलं की अख्खं कचऱ्यात. किळस येते.

४ तारीख
दुकानदार म्हणाले, मॅडम, ग्राफिक्सवाला प्रोसेसर घ्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी स्क्रीनवर चित्र येतं, अडीअडचणीला बरं. नीट नियोजन केलं की अडचण येत नाही, असं सांगितलं. ग्राफिक्स नसलेलाच घेतला. एका भागाने एकच काम करावं. कार्ड वेगळं मागवलं.

७ तारीख
जुळवून झालं. एकही स्क्रू उरला नाही. दादा म्हणाला, मग लाव की. कार्डाशिवाय चित्र येत नाही, हे दोनदा सांगावं लागलं. म्हणाला, म्हणजे टीव्ही आणलास आणि रेडिओसारखा ऐकायचा? अडाणी.

९ तारीख
कार्ड आलं. त्याला सात रंगांचे दिवे! बंदही होत नाहीत, पुस्तिकेत तसं अभिमानाने लिहिलंय. मला यंत्र हवंय, सर्कशीचा तंबू नको. परत पाठवलं. वहिनी म्हणाली, अगं, मुलाखतीपुरतं राहू दे, दिवे काय चावतात? तत्त्व नावाची गोष्ट या घरात कुणाला कळत नाही. बदली कार्ड बाराला. भरपूर वेळ आहे.

१२ तारीख, संध्याकाळ
नाही आलं. आता म्हणे सोळाला. कुरिअरच्या ऑफिसशी शांतपणे बोलले. आई म्हणाली, शांतपणा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत ऐकू गेला.

१३ तारीख
कार्डाशिवायच यंत्राची चाचणी घेतली. आतले पंखे फिरतात, पण आवाज नाही. एक लांब, दोन आखूड बीप, म्हणजे चित्र कुठे पाठवू, असं विचारतंय. शिस्तीचं यंत्र. उत्तम चालतं. दिसत नाही, एवढंच.

१४ तारीख, दुपारी १
मुलाखत वहिनीच्या डब्यावर. मी मागितला नव्हता, तिने हाताला धरून बसवलं. बटण दाबलं, चित्र, आवाज, कॅमेरा, सगळं एकदम सुरू. यात डोकं कुठे लागतं? समोरच्यांनी विचारलं, तुमचा चुकलेला एखादा तांत्रिक निर्णय सांगा. प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. एकही नाही, म्हणून सांगितलं. दाराआड वहिनीला खोकला आला. शिस्त नाही.

१६ तारीख
कार्ड आलं. बिनदिव्यांचं. बसवलं. सगळे मागे येऊन उभे राहिले. स्क्रीन उजळली. पहिल्यांदा मेल उघडली. नाही घेतलं. स्वतःच्या चुका ओळखण्याची तयारी वगैरे काहीतरी लिहिलंय. अक्षरं मात्र अत्यंत रेखीव. काळा रंग अगदी काळा. वहिनीच्या डब्यात असा येत नाही.
मी मोठ्याने वाचायला लागले. दादा म्हणाला, राहू दे, दिसतंय आम्हाला.