ह्यांचा पगार, गावाची गाडी

१४ मार्च १९६६, सोमवार

नोंदवली! राघोअण्णा कल्याणहून उतरले ते थेट उपकेंद्राच्या दारात. “राही, झालं गो काम. सोसायटीच्या नावानं छोटा ट्रक नोंदवला. सा-आठ म्हैन्यांत मिळंल म्हनतो.”

अण्णा आमच्या भात सोसायटीचे चेअरमन. गाडीतून पोती मुरबाडला जायची, आणि एखादी बाई अडली तर पोती खाली टाकून तिला कल्याणच्या इस्पितळात न्यायचं — ही अट मी घालून घेतली आहे. चार वर्षं इथं नर्स आहे. एस.टी. दिवसातून दोनदा, तीही नाक्यापर्यंतच. बैलगाडीत किती बायका चढवल्या ते आठवायचं नाही असं ठरवलंय.

गंमत म्हणजे ट्रक ह्यांच्याच कारखान्यातला. मुंबईहून येणार. अण्णा म्हणाले, “कमळूला सांग, आपल्या गाडीचे नट जरा घट्ट पिळ.”

२७ मार्च

हे आले होते. संध्याकाळच्या एस.टी.नं गेलेसुद्धा.

पुढच्या महिन्यात संप होणार म्हणतात. तीन वर्षांत पगार तसाच. खोलीत नऊ जण, पाळीपाळीनं झोपतात. पगार वाढला तर वेगळी खोली बघायची, मग मी तिकडे बदली मागायची. लग्नाला पाच वर्षं झाली. एकत्र काढलेले दिवस जोडले तर एक वर्षही भरायचं नाही.

होऊ दे संप!

१९ एप्रिल

संप सुरू. ओळखीच्या कंडक्टरबरोबर ह्यांना तांदूळ आणि सुकट पाठवली.

अण्णा विचारत होते, “कारखाना बंद, मंग आपली गाडी कोन बनवनार?” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवसभर मनात संप जिंकू दे, जिंकू दे चाललेलं. आता कळेना, नक्की काय मागावं.

२३ मे

मिटला! महिना सत्तावीस रुपये वाढ. गूळ आणून वाटला. कातकरवाडीतही देऊन आले. पोश्याची बायको तानी दारात बसली होती, पाच महिन्यांची गरोदर. तिनं दोन खडे मागून घेतले.

१२ जून

ह्यांनी नवा स्टोव्ह आणला. वाढीच्या पैशातला. “खोलीत लागंल ना,” म्हणाले. खोली अजून नाही, स्टोव्ह आला!

रुपयाची किंमत पडली म्हणे. सगळे मलाच विचारतात, कारण मी पेपर वाचते. “पडला म्हंजे कुठं पडला?” मी काय सांगू. ह्यांना विचारलं. म्हणाले, बाहेरून जे सुटे भाग येतात ते महाग होणार.

३० ऑगस्ट

कल्याणच्या विक्रेत्याचं पत्र. ट्रकची किंमत अठराशे रुपयांनी वाढली. कारण दिलंय — ‘मजुरी व कच्चा माल यांच्या दरवाढीमुळे’. पत्र मीच वाचून दाखवलं सोसायटीत. ‘मजुरी’ला जीभ अडखळली.

मग अण्णा, हसतच — “बघ राही. कमळूचा पगार वाढला, आपली गाडी लांबली. गूळ खाल्ला ना आमी!”

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र स्टोव्ह पेटवावासा वाटेना. चुलीवरच केलं.

४ सप्टेंबर

भांडण झालं. मी म्हटलं, “तुमच्या सत्तावीस रुपयांनी गावाची गाडी गेली.”

हे चिडले. असं चिडताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं. “सत्तावीसचे अठराशे कसे होतील, सांग ना! पत्रा महागला, टायर महागले, रुपया पडला. विक्रेत्याचं कमिशन हाय, सरकारचा कर हाय. पन कागदावर पैलं नाव कुनाचं? मजुरीचं!”

“पण मजुरी वाढली हे खरंच ना?”

“खरंच. तांदूळ वाढला हे पन खरंच.”

मग निवळून म्हणाले, “आमच्या खात्यात दीडशे मानसं. त्यातल्या एकानं पन कधी ती गाडी इकत घेतली नाय. घेनार पन नाय.”

ते गेल्यावर गणित मांडून बघितलं. इतकी माणसं, इतकी वाढ, महिन्याला इतके ट्रक. माणसं किती हेच नीट माहीत नाही. एकदा वाटतं अठराशेत मजुरीचा वाटा थोडाच असेल. मग वाटतं, पत्रा करणाराही मजूरच, टायर करणाराही मजूरच — त्यांचेही पगार वाढले असतील. मग सगळं मजुरीच? की काहीच नाही? पाटी पुसली.

१५ सप्टेंबर

तानी.

सकाळी दहाला पोश्या धावत आला. मूल आडवं. मला जमेना. बैलगाडीत घातली, मी जवळ बसले. ओढ्याला पाणी, बैल उतरेनात. दुपारी दोनपर्यंत काठावरच. तिथंच गाडीत ताडपत्रीखाली बाळंत झाली. मुलगा. रडला नाही.

तानी वाचली.

पोश्या गाडीचा दांडा धरून उभा. म्हणाला, “बाय, ती मोटार यायाची हाये ना? कवा?” रागानं नाही. खरंच विचारत होता.

१६ सप्टेंबर

ट्रक असता तरी ओढ्यातून गेला असता का? माहीत नाही. पुलावरून फेरा मारून गेला असता. बहुतेक.

२ ऑक्टोबर

ह्यांना तानीचं सांगितलं. ऐकून उठले, विहिरीवर जाऊन हातपाय धुतले, परत आले. “पगार परत दिला तर किंमत उतरंल का?” म्हणाले.

उतरणार नाही. आम्हा दोघांनाही माहीत आहे. मग त्यांनी विचारलं तरी का? आणि मला बरं का वाटलं?

२० नोव्हेंबर

सोसायटीची सभा. भात यंदा पोचट, वाढीव किंमत द्यायची कुठून? काही म्हणाले, थांबू. जास्त म्हणाले, नोंदणीचे पैसे परत घेऊ. मी उठून तानीचं नाव घेतलं. अण्णांनी मान खाली घातली. “पोरी, माज्या मनात नाय का? पन भात पिकला नाय.” आज पहिल्यांदाच ते हसले नाहीत.

पत्र लिहायला मलाच बसवलं. अक्षर चांगलं म्हणून! ‘सदर वाहनाची आमची मागणी रद्द समजावी.’ लिहिलं. पुन्हा वाचलं. दिलं.

खरं सांगू? उठताना हलकं वाटलं. आता गाडीवरून ह्यांच्या पगाराचा विषय कोणी काढणार नाही. असं वाटल्याची लाजही वाटली.

८ जानेवारी १९६७

ओव्हरटाइम बंद झालाय म्हणे. हे म्हणाले, बरंच आहे, विश्रांती. पत्राचं मी बोलले नाही.

१ मार्च १९६७

बुधवार असून हे आले. ट्रंक घेऊन.

ह्यांच्या खात्यातली चाळीस माणसं कमी केली, त्यांत हेही. नव्या किमतीला गिऱ्हाईक नाही. तयार ट्रक आवारात ओळीनं उभे आहेत, दीडशेच्या वर. ठिकठिकाणहून मागण्या रद्द झाल्याची पत्रं आली.

मी सांगितलं — त्यातलं एक मी लिहिलंय.

ह्यांनी ट्रंक भिंतीकडे सरकवली. मग म्हणाले, “अक्षर तरी बरं काडलंस ना?”