ओला पाट

वाराणसी,
६ फेब्रुवारी १९७२

चि. इंदू हिस,
प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. वि. वि.

तुझे पत्र पोचले. उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे तू शांतपणे वाचशील. माझ्याकडे राहायला येण्याची गरज नाही. तू इस्पितळातून निवृत्त होतेस, मेअखेर क्वार्टर रिकामे करायचे आहे, हे समजले. पण अक्का आता एकटी कशी राहील, हे कारण पुढे करू नकोस. अक्का उत्तम राहते. स्वयंपाक करते, रिक्षावाल्यांशी भांडते, वेळेवर झोपते. जन्मभर तू लोकांच्या उशा सारख्या केल्यास, म्हणून माझीही करायलाच हवी असे नाही.

पाठदुखीचे विचारलेस. आहे. वाकले की कळ येते, म्हणून वाकत नाही. झाले.

वाकते ती फक्त गुरुवारी, गीताकाकूंकडे. त्यांच्याबद्दल तुला मागे लिहिले होते, पण तू माझी पत्रे चुलीत घालतेस असा मला संशय आहे, म्हणून पुन्हा लिहिते. आमच्या शाळेत संस्कृत शिकवणारी मृणालिनी पाध्ये नवऱ्याच्या बदलीमुळे भोपाळला गेली, त्याला आता आठ वर्षे होतील. सासूबाई काशी सोडायला तयार नव्हत्या. तेव्हा जाताना मला म्हणाली, बाई, अधूनमधून बघाल ना? मी हो म्हटले, आणि मी हो म्हटले की हो असते. छावणीतून रिक्षाने मैदागिनपर्यंत जायचे, तिथून गल्ल्या तुडवत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या त्यांच्या घरी. काकूंना फार कमी दिसते. मी त्यांना मुलाची पत्रे वाचून दाखवते, उत्तरे लिहिते, डोळ्यांत औषध घालते आणि पायाची नखे कापते.

आणि हे सगळे त्यांच्या आंघोळीच्या आधी! उशीर झाला तर दारातूनच ऐकवतात की मास्तरीणबाई, जल्दी येत जा, तुझ्यापायी माझी पूजा खोळंबते. माझ्यासाठी उंबऱ्याबाहेर एक पाट असतो. मी गेले की तो धुतात. इतका धुतात की लाकडाचा रंग उडाला आहे. परवा हातरुमाल विसरले म्हणून गल्लीच्या तोंडापासून परत गेले, तर पाट भिंतीशी उभा, ओलाचिंब. मीही स्नान करून, धुतलेले पातळ नेसून जाते, इंदू. आठ वर्षांत एकदा तरी पाट कोरडा राहायला काय हरकत होती?

प्रभूने बाराजणांचे पाय धुतले. पण त्यांतल्या कुणी नंतर आंघोळ केल्याचे कुठे लिहिलेले नाही.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो मागून वाढत नसतो.

तुझी,
शरदिनी

----

अहमदनगर,
१७ फेब्रुवारी १९७२

ती. अक्कास,
प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

पत्र चुलीत घातलं नाही. दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा हसले. रागावू नकोस. बाराजणांच्या आंघोळीचं वाचून आमच्या मेट्रनबाईही हसल्या. हो, त्यांना वाचून दाखवलं.

आता माझं ऐक. पुण्याहून आपल्या मोहनचं पत्र आलंय. वीणाला पुन्हा दिवस गेलेत, थोरली दोघं हाताबाहेर आहेत, तर आत्यानं कायमचं पुण्याला यावं म्हणतो. ईस्टरपर्यंत नक्की कळव म्हणाला, नाहीतर ते दुसरी बाई बघतील. दुसरी बाई! मी कितवी, ते कळलं. भाचा वाईट नाही, पण तिथं गेले की मी परत कुठे निघणार नाही हे तुला कळतंय ना? म्हणून आधी तुला विचारलं. तुझी काळजी वाटते हे निम्मं खरं. उरलेलं निम्मं असं की चाळीस वर्षं सकाळी उठून कुणाला तरी मी हवी असायची. आता ते बंद होणार. मोहनच्या मुलांना आया हवी आहे. मला वाटलं होतं, अक्काला इंदू हवी असेल.

तुला नकोय म्हणालीस. बरं.

काकूंबद्दल एक विचारू? आठ वर्षांत तू त्यांच्याकडे कधी पाणी मागितलंस का? त्यांनी दिलं नाही हे मला ठाऊक आहे. तू मागितलंस का, ते विचारतेय. इस्पितळात एक शहाणी बाई होती, शेजारच्या खाटांवरच्या सगळ्यांना पाणी पाजायची आणि स्वतःला ताप चढला तर सांगायची नाही. तिच्यापायी आम्ही सगळ्यात जास्त दमायचो.

पाठीला लावायला तेल पाठवत नाही, कारण तू ते कुणाला तरी देऊन टाकशील.

तुझ्या रागासकट तुझीच,
इंदू

----

वाराणसी,
५ मार्च १९७२

चि. इंदू हिस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझ्या शहाणपणाचा परिणाम कळवते.

तुझे पत्र वाचून मला राग आला. रागातच त्या गुरुवारी काकूंकडे गेले, नखे कापली, आणि म्हटले की काकू, घशाला कोरड पडली आहे, थोडे पाणी द्या. काकू जराही अडखळल्या नाहीत. खिडकीतून समोरच्या चहावाल्याला ओरडून सांगितले की बहनजींसाठी एक कुल्हड पाणी आण. आत माठ होता. मला उंबऱ्यातून दिसत होता. चहावाल्याने मातीचा कुल्हड आणून माझ्यापुढे ठेवला. म्हणजे मी प्यायले की फोडून टाकायला बरा. मी तो तसाच पाटावर ठेवला आणि उठले. काकूंनी विचारले, प्यायलीस का? मी म्हटले, तहान गेली.

त्यानंतर मी गेलेली नाही. पुढेही जाणार नाही. आठ वर्षे म्हणजे काही कमी नाहीत.

आमच्या पाद्रीसाहेबांना मी हे सांगितले. वाटले होते, ते माझी बाजू तरी घेतील. तर डोळे मिटून म्हणाले की बहनजी, आप में प्रभू दिखते हैं. मला इतका वैताग आला! अशा वेळी माणसाने काहीतरी उपयोगाचे बोलावे. त्यावर लगेच वही उघडून त्यांनी उत्तम शुक्रवाराच्या आदल्या गुरुवारसाठी बारा नावे मांडायला घेतली. तुला माहीत आहेच, त्या दिवशी ते प्रभूचे अनुकरण म्हणून मंडळीतल्या बाराजणांचे पाय धुतात. पहिले नाव दरवर्षी माझे. आणि दरवर्षी बाराही जण घरून पाय घासून, नवे मोजे घालून येतात. पाद्रीसाहेब स्वच्छ पायांवर स्वच्छ पाणी घालतात, स्वच्छ टॉवेलने टिपतात, आणि आम्ही सगळे पावन होऊन घरी जातो. मीही घासूनच जाते. घाणेरडे पाय घेऊन चर्चला जायची मला लाज वाटते.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिलेले नाही असे म्हणू नकोस. दिले आहे. पुण्याला मुलांमध्ये तुझा वेळ चांगला जाईल. मला कुणाचे करून घेण्याची सवय नाही, आणि या वयात लावून घ्यायची नाही.

उगाच मनाला लावून घेऊ नये, ही विनंती.

शरदिनी

----

अहमदनगर,
१४ मार्च १९७२

ती. अक्कास,
सलाम. वि. वि.

पोस्टकार्डच लिहितेय, कारण फार लिहिण्यासारखं नाही. मोहनला होकार कळवायचा आहे. ईस्टरच्या दिवशी लिहीन म्हणते, म्हणजे त्याची मुदत चुकणार नाही आणि तुझंही ऐकलं जाईल.

एकच सांगते. कुल्हडातलं पाणी प्यायला हवं होतंस. त्या बाईनं तिला देता येत होतं ते दिलं.

तुझी,
इंदू

----

वाराणसी,
१ एप्रिल १९७२

प्रिय इंदू,
प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

सकाळी केलेली तार तुला हे पत्र पोचण्याआधी मिळेल. एकाच शब्दाची आहे म्हणून घाबरू नकोस, कुणी मेलेले नाही. तारबाबू म्हणाला, इतक्याच पैशांत आणखी शब्द बसतात. मी म्हटले, नकोत. जे लिहायचे आहे त्याला पाकीट लागेल.

तुझे कार्ड आले त्या दिवशी मी तुझ्यावर फार चिडले. दोन दिवस चिडून काढले. मग मनाशी म्हटले की काकूंच्या डोळ्यांचे औषध माझ्याच पिशवीत राहिले आहे, ते तरी देऊन यावे. हे कारण खरे होते. त्यामागे दुसरे काही होते की नाही ते तू ठरव, तुला हौस आहे.

काकूंच्या दाराच्या चार पावले अलीकडे गाईच्या शेणावरून माझा पाय सटकला. सपाट पडले. चप्पल एकीकडे, पिशवी एकीकडे, डावा पाय शेणात आणि घोट्यात अशी कळ की मी ओरडले. गल्लीतली माणसे जमली आणि प्रत्येकाने दुसऱ्याला सांगितले की बहनजींना उचला. तेवढ्यात काकू भिंत चाचपत बाहेर आल्या. आवाजावरूनच ओळखले. म्हणाल्या, ही आमची मास्तरीण, हटा सगळे. आणि माझ्या काखेत हात घालून मला ओढले. ऐंशीच्या घरातली बाई, मला वाटले दोघी पडणार. मी बाहेरच्या पाटाकडे वळले, तर खेकसल्या की तिथे कुठे बसतेस, तमाशा आहे का. उंबऱ्याच्या आत नेले. स्वतःच्या खाटेवर बसवले. आठ वर्षांत मी ती खोली आतून पाहिली नव्हती. छोटीशी आहे, आणि तिच्यात फार काही नाही.

परात आणली. पूजेसाठी घाटावरून भरून आणवलेली कळशी कोपऱ्यात होती, ती उचलली. मी पाय आखडून घेतला. म्हटले, काकू, नको. अजिबात नको. तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा नाही, मी घरी जाऊन धुईन. त्या म्हणाल्या, वाकता येतं का तुला? मी म्हटले, नाही. त्या म्हणाल्या, मग चुप बस.

त्यांनी धुतला. दिसत नाही म्हणून बोटांनी चाचपून, एकेका बोटाच्या बेचक्यातून शेण काढले. सगळा वेळ बडबडत होत्या, की इतकी शिकलेली बाई आणि खाली बघून चालत नाही, आणि तीन गुरुवार कुठे मेली होतीस. मग हात थांबला. माझ्या अंगठ्यावरून बोट फिरवून म्हणाल्या, अगं, ही केवढी वाढली आहेत. तू सगळ्यांची कापतेस. तुझी नखं कोण कापतं गं?

इंदू, मला उत्तर देता आले नाही. वाकता येत नाही तेव्हापासून मी चर्चला मोजे घालून जाते, एवढेच खरे उत्तर होते.

मी तिथे खाटेवर बसून रडले. त्यांना वाटले घोटा दुखतो. दुखतही होता. आणि मला पेत्र आठवला, प्रभू वाकला तेव्हा तोही नको नको करत पाय मागे घेत होता. हा धडा मी रविवारच्या शाळेत किती वर्षे शिकवला, आणि दर वेळी मुलांना सांगितले की पहा, पेत्र कसा नम्र होता. नम्र कसला! इतकी वर्षे मला वाटत होते, त्या घरात प्रभूचे काम करणारी मी आहे. तो आधीच तिथे होता, आणि तांबडे आलवण नेसून मला शिव्या घालत होता. हे काकूंना सांगितले तर त्या पुन्हा आंघोळ करतील, म्हणून सांगितलेले नाही.

पुन्हा म्हणते, कारण माझा पाय धुऊन झाल्यावर त्या लगेच आंघोळीला गेल्याच. काही बदललेले नाही, तू गोड समज करून घेऊ नकोस. आधी चहावाल्याकडून माझ्यासाठी चहा मागवला, कुल्हडातच. मी प्यायले. कुल्हड त्यांनी दाराबाहेर फेकून फोडला. फुटल्याचा आवाज मी आत बसून ऐकला. राग आला नाही असे नाही. पण बाहेरचा पाट त्या दिवशी कोरडा होता.

हाड मोडले आहे. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. शेजारीण भाकरी करून देते आणि मी तिला रोज दोनदा नको म्हणते. सवय जात नाही.

परवा पाय धुण्याचा विधी झाला. पाद्रीसाहेब म्हणाले, बहनजी, आप मत आइए. पण मी रिक्षाने गेले. या वेळी उजवा पाय घासून जाता आला नाही. प्लास्टर घेऊन वाकणार कशी? गल्लीतली, रिक्षातली, चर्चच्या अंगणातली धूळ होती तशी घेऊन खुर्चीवर बसले आणि मोजा काढला. पाद्रीसाहेबांनी पाणी घातले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा परातीतले पाणी गढूळ झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, नखांकडे पाहिले आणि मान खाली घालून नीट चोळून धुतले. मला लाज वाटली. पाय मात्र मागे घेतला नाही.

तर मोहनला नकार कळव. दुसरी बाई त्यांना मिळेल. तुझ्यासाठी खिडकीजवळची जागा मोकळी केली आहे. मेअखेरची वाट पाहू नकोस, रजा काढून आताच नीघ. मनमाडला गाडी मिळेल. मी भांडेन, हे आधीच सांगून ठेवते. औषध नको म्हणेन, उशी सारखी करू देणार नाही. तू ऐकू नकोस.

येताना तुझी इस्पितळातली ती वाकडी कात्री आण. गुरुवारी आपण दोघी काकूंकडे जाऊ. तू पाटावर बसून त्यांची नखे काप, आणि त्यांनी पुन्हा विचारले तर मला उत्तर देता येईल.

वाट पाहणारी,
तुझी अक्का